रानातले सोबती : पहाटेचा शीळवाला

मृग लागला की घाटमाथ्यावरच्या गावांत पहाटे एक गंमत घडते. कोंबडा नुकता आरवलेला असतो. घरातली बाई चुलीतली राख उकरीत असते. बाहेर अंधार, वर ढग, अंगणात रात्रीच्या सरीचा चिखल. आणि अशा वेळी खालच्या ओढ्याकडून कोणीतरी शीळ घालू लागतो. अगदी माणसासारखी शीळ. एखादा पोरगा हात खिशात घालून, पाय हलवीत दगडावर बसावा आणि काही काम नाही म्हणून उगीच शीळ घालत राहावा, तशी. सूर वर जातो, खाली येतो, मध्येच थांबतो. आता गाणे पुरे होणार असे वाटते, तोच गडी वाट विसरतो आणि भलतीकडेच निघतो.

लहानपणी मी ही शीळ पहिल्यांदा ऐकली ती आजीबरोबर खाचरात पाणी पाहायला गेलो तेव्हा. डोक्यावर इरले, हातात कंदील. मी घाबरून आजीचे लुगडे धरले आणि विचारले, "आजी, एवढ्या अंधारात कोन गं शीळ घालतंय?"

आजी म्हणाली, "आरं, मानूस न्हवं त्ये. पाखरू हाय. शीळवाला. त्यो बोलला, म्हंजी वड्याला पानी आलं समज."

आजीच्या त्या एका वाक्यात किती शहाणपण होते ते कळायला मला पुढे फार वर्षे लागली, आणि ते कळण्यापूर्वी माझ्या हातून एक मोठी चूकही घडली. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी या शीळवाल्याची नीट ओळख करून घेऊ.

नाव-गाव

पुस्तकात याचे नाव शीळकरी कस्तुर. इंग्रज अमदानीत घाटावर हवा खायला येणारे साहेब लोक याला 'शीळ घालणारा शाळकरी पोरगा' म्हणत, आणि ते नाव अजूनही चालते. केरळात मल्याळी बोलणारे लोक याला चूळक्काक्क म्हणतात. त्याचा अर्थ शीळ घालणारा कावळा. माणूस कुठलाही असो, नाव ठेवताना प्रत्येकाला शीळच आठवली, ही मौजेची गोष्ट आहे.

शास्त्रज्ञांच्या दप्तरी या पक्ष्याची नोंद 1831 साली झाली. निकोलस व्हिगर्स नावाच्या आयरिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले आणि थॉमस हॉर्सफील्ड या अमेरिकन निसर्ग अभ्यासकाच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव ठेवले. पूर्वी याला कस्तुरांच्या कुळात धरीत. अलीकडे पक्ष्यांचे रक्ताचे नाते तपासण्याच्या नव्या रीती निघाल्या, तेव्हा कळले की हा माशीमार पक्ष्यांचा भाऊबंद आहे. आपल्या अंगणातला दयाळही त्याच कुळातला. म्हणजे नाव कस्तुराचे आणि गोत माशीमाराचे, असा हा प्रकार आहे. दत्तक गेलेल्या मुलाचे जुने आडनाव सापडावे तसे झाले.

दिसतो कसा?

आकार साळुंकीपेक्षा थोडा मोठा आणि पारव्यापेक्षा लहान. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे 25 सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून जरा जास्त. लांबून पाहिला तर नुसता काळा. सावलीत बसला असेल तर कोणी दुसऱ्यांदा त्याच्याकडे पाहणारही नाही. पण ढगांतून उन्हाची एक तिरीप त्याच्यावर पडू द्या, मग पाहा. कपाळावर आणि खांद्यांवर लखलखीत निळा रंग पेटतो. पंखांना आणि शेपटीलाही निळी झाक येते. नव्या कोऱ्या इरकली लुगड्याच्या पोताला ऊन लागावे तसा तो रंग मागे-पुढे सरकतो. चोच काळी, पायही काळे.

हा निळा रंग मोठा फसवा आहे. हळदीत पिवळा रंग असतो तसा या पिसात निळा रंग भरलेला नसतो. पिसाची घडणच इतकी बारीक असते की तिच्यावर उजेड पडला की त्यातला निळा तेवढा उलटून आपल्या डोळ्यांकडे येतो. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात, पण फुगा फुटला की हाताला रंग लागत नाही. तशातलीच ही गोष्ट. म्हणून उजेड गेला की शीळवाला काळा, आणि उजेड आला की निळा.

नर आणि मादी दिसायला सारखेच. पिल्ले मात्र तपकिरी असतात आणि त्यांच्या कपाळावर निळा टिळा नसतो. तो मोठेपणी येतो.

काळे पक्षी आपल्याकडे बरेच आहेत, तेव्हा घोटाळा होऊ नये म्हणून खुणा सांगून ठेवतो. शेपूट कात्रीसारखी दुभंगलेली असेल तर तो कोतवाल. डोळा लालभडक आणि चोच फिकट हिरवी असेल तर तो कोकीळ. अंगावर काळ्याबरोबर पांढरा पट्टा असेल तर तो दयाळ. चोच पिवळी-नारिंगी असेल आणि अंगावर निळेपणा नसेल तर तो साधा कस्तुर. आणि चोच काळी, कपाळी निळा टिळा, बसलाय ओढ्यातल्या दगडावर, तर तोच आपला शीळवाला. हिमालयात याचा एक चुलतभाऊ राहतो. तोही निळा आणि तोही शीळ घालणारा, पण त्याची चोच पिवळी आणि अंगावर चमकते ठिपके असतात.

त्याची एक लकबही ध्यानात ठेवा. दगडावरून दगडावर उड्या मारताना तो मध्येच थांबतो आणि शेपटीची पिसे हळूच पंख्यासारखी उघडतो व मिटतो. एकदा ही लकब ओळखलीत की अंधूक उजेडातही तो ओळखू येतो.

राहतो कुठे?

हा डोंगरचा रहिवासी. सह्याद्रीची सारी रांग हे त्याचे मुख्य घर. उत्तरेला अबूचा पहाड आणि गुजरातेतले डांग, तिथून खाली थेट केरळपर्यंत. सातपुड्यात पचमढीकडेही तो आहे, आणि पूर्व घाटातल्या काही डोंगरांवरही. आपल्या महाराष्ट्रात माथेरान, खंडाळा, भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयनेचे खोरे, राधानगरी, आंबोली या बाजूला ज्यांचे घर आहे त्यांनी त्याला ऐकला नसेल असे होणार नाही. गोव्यात सत्तरी आणि मोलेच्या जंगलात तो आहे. भारताबाहेर मात्र हा पक्षी कुठेच राहत नाही. सारे जग हिंडलात तरी ही शीळ ऐकायला आपल्याच डोंगरात यावे लागेल.

डोंगर असला म्हणजे झाले, असेही नाही. त्याला तीन गोष्टी लागतात : दाट सावली, वाहते पाणी आणि त्या पाण्यात शेवाळलेले मोठे दगड. कड्यावरून पाणी पडते, खाली डोह असतो, बाजूला जांभूळ, उंबर, अंजनीची गर्दी असते, तिथे त्याचा मुक्काम. ऐन उन्हाळ्यात ओढे आटतात तेव्हा जिथे पाणझरा जिवंत असेल तिथे तो सरकतो. पाऊस लागला आणि सगळे पऱ्हे, ओहोळ बोलू लागले की तो पुन्हा पसरतो. दूरदेशी जाणारा हा पाहुणा नव्हे. इथला कायमचा खातेदार आहे.

माणसाचा त्याला फारसा विटाळ नाही. ओढा घराच्या परड्याजवळून जात असेल तर तो परड्यापर्यंत येतो. कॉफीच्या, मसाल्याच्या बागांतही राहतो, फक्त सावलीची झाडे तोडलेली नसावीत.

खातो काय?

शीळवाल्याचे ताट म्हणजे ओढा. पाण्यातले किडे, दगडाखालच्या अळ्या, गोगलगायी, गांडुळे, बेडक्या आणि खेकडे. पाण्याच्या कडेने उड्या मारीत तो ओला पाला चोचीने उलटापालटा करतो, फटीत डोकावतो, दिसले की झडप घालतो.

खेकडा पकडला की मग पाहण्यासारखे असते. खेकड्याच्या नांग्या काही शोभेच्या नाहीत, हे तुम्हा-आम्हाला हाताच्या बोटांवरून ठाऊक आहे. शीळवाला त्याला धरतो आणि दगडावर आपटतो. पुन्हा धरतो, पुन्हा आपटतो. कवच फुटून आतले मऊ मांस हाती लागेपर्यंत हे चालते. शंखाच्या गोगलगायीचीही तीच गत. आमची आई पाट्यावर खोबरे ठेचायची त्या आवाजाची मला दर वेळी आठवण येते. ज्या दगडावर तो वरचेवर जेवतो, तिथे फुटक्या शंखांचा चुरा पडलेला दिसतो. पोरांनो, ओढ्यावर गेलात तर असा दगड शोधा.

किड्या-खेकड्यांबरोबर त्याला रानफळेही आवडतात. पिकलेली लहान फळे तो गिळतो आणि बिया दुसरीकडे जाऊन पडतात. भातावर, नाचणीवर तो बसत नाही. शेतकऱ्याच्या दाण्याला त्याचा उपद्रव नाही.

पावसातला संसार

कोकिळेने वसंतात गावे आणि पावसाळ्यात गप्प बसावे. शीळवाल्याचे उलटे. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचा गळा मोकळा होऊ लागतो आणि पावसात तो ऐन भरात येतो. पहाटेचा अंधार ही त्याची लाडकी वेळ. आपली तरव्याची, आवणीची गडबड चालते त्याच दिवसांत त्याचाही संसार चालतो. थंडी पडली की शीळ बंद होते. मग वर्षभर ऐकू येते ती फक्त उडताना मारलेली एक कर्कश 'क्री-ई' अशी किंकाळी. पुष्कळांना वाटते की पाखरू गाव सोडून गेले. गेलेले नसते, नुसते मुके झालेले असते.

घरटे तो असे बांधतो की शत्रूने वाट पाहत बसावे. ओढ्याच्या काठची कपार, कड्याचा आडोसा, कधी तर थेट धबधब्याच्या मागची पायरी. शेवाळ, बारीक मुळ्या आणि गवत यांची जाडजूड वाटी. समोरून पाण्याचा पडदा पडत असतो आणि मागे कोरड्या कपारीत अंडी सुरक्षित असतात. कधी कधी ओढ्याजवळच्या घराच्या आडोशालाही घरटे होते. अंडी 2 ते 4, फिकट मातकट रंगाची, वर तांबूस-तपकिरी ठिपके. नर आणि मादी दोघेही पाळीपाळीने अंडी उबवतात. 16-17 दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. त्यानंतर दोघांचीही पळापळ सुरू होते. घरात लहान मूल असलेल्या शेतकरी जोडप्याची आवणीच्या दिवसांत होते, अगदी तशीच.

जागा चांगली असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी घरटे होते. म्हणून एखादी कपार सुरुंगाने उडवली किंवा एखादा काठ यंत्राने खरवडला, तर एका वर्षाचे घरटे गेले असे समजू नये. एक पिढीजात वाडा गेला असे समजावे.

पूर्वी काही हौशी लोक शीळवाल्याला पिंजऱ्यात ठेवीत. तो ऐकलेली चाल जशीच्या तशी उचलतो, म्हणून त्याला गाणी शिकवीत. आता 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे असा रानपक्षी धरणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी म्हणालो असतो की बाबांनो, ज्याला धबधब्यामागे घर लागते त्याला तारेच्या पेटीत ठेवून काय मिळवाल?

माझी चूक

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट.

आमची चार खाचरे ओढ्याच्या काठी आहेत. बरीच वर्षे झाली. त्या साली भात निसवून दाणे भरत आले होते आणि भाद्रपदात लष्करी अळी पडली. रात्रीत लोंब्या कुरतडून खाली पडायच्या. शेजाऱ्याचे एक खाचर माझ्या डोळ्यांदेखत गेले. मी बाजारातून औषध आणले, फवारा पाठीवर घेतला आणि दिवसभर फवारणी केली. पीक हाती आले. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पोटाला दाणा लागतोच.

चूक झाली ती संध्याकाळी. अंग शिणले होते. उरलेले दोन-तीन लिटर औषधाचे पाणी मी ओढ्याच्या डोहात ओतले, पंप तिथेच खळबळून धुतला आणि रिकामी बाटली करवंदीच्या जाळीत भिरकावली. 'वाहते पाणी आहे, जाईल वाहून,' असे मनाशी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भांडी घासायला ओढ्यावर गेली आणि तशीच परत आली. मला हाताला धरून तिने डोहावर नेले. खेकडे उताणे पडले होते. झिंगे पांढरे होऊन काठाला लागले होते. बोटभर मासे उलटे तरंगत होते. आई काही बोलली नाही. बराच वेळ उभी राहिली. मग एवढेच म्हणाली, "ह्येच पानी खालच्या आळीतली पोरं पित्यात."

मी त्या क्षणी खाली धावत गेलो आणि घरोघर सांगितले की आज ओढ्याचे पाणी भरू नका. सांगताना मान वर होत नव्हती. सुदैवाने कोणाला काही झाले नाही. लोकांनी दोन शब्द सुनावले आणि विषय मिटला. माझ्या दृष्टीने तो मिटला तो मात्र पुढच्या मृगापर्यंतच.

पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला. ओढा भरून वाहू लागला. पेरे टाकले, तरवा हिरवागार झाला. एके दिवशी पहाटे आई चुलीपाशी बसली होती. मी अंगणात तोंड धूत होतो. ती आतून म्हणाली, "औंदा शीळवाला बोलला न्हाई रे."

मी कान दिला. ओढ्याचा खळखळाट होता, बेडकांचा आवाज होता, पण शीळ नव्हती. आर्द्रा गेली, पुनर्वसू गेला, पुष्य गेला. शीळ आली नाही. आजीचे शब्द आठवले, 'त्यो बोलला म्हंजी वड्याला पानी आलं.' पाणी तर आले होते. मग तो का बोलला नाही? कारण नुसते पाणी म्हणजे ओढा नव्हे. ज्याच्या दगडाखाली खेकडा आहे, पाल्याखाली किडा आहे तो ओढा. बाकीची नुसती गटार.

खेकड्याची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गोड्या पाण्यातली खेकडी आपली पिल्ले पोटाखालच्या घडीत घेऊन हिंडते, ती हिंडू-फिरू लागेपर्यंत. एक खेकडी मेली की तिच्या पोटाशी असलेली सगळी पिल्ले जातात. म्हणून विष पडलेला ओढा महिन्या-दोन महिन्यांत भरून निघत नाही. पाणी चार दिवसांत निवळते, पण पाण्यातली वस्ती पुन्हा बसायला वर्षे लागतात.

पुन्हा शीळ

त्या वर्षापासून आमच्या घरात काही नेम ठरले. ते कोणी शिकवले नाहीत, आईच्या त्या एका वाक्याने ठरवून दिले. तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

औषध मोजून घ्यावे, म्हणजे उरतच नाही. तरीही थोडे उरले तर ते फवारलेल्या पिकावरच संपवावे. पंप धुवायचा तो ओढा, विहीर, पाणवठा यांपासून लांब. पंपात स्वच्छ पाणी घालून हलवावे आणि ते पाणीही त्याच शेतात फवारून टाकावे. औषधाची रिकामी बाटली तीन वेळा विसळावी, विसळण पंपात घालावे, मग बाटलीला भोके पाडावीत, म्हणजे तिच्यात तेल किंवा दूध भरण्याचा मोह कोणाला होणार नाही. पाऊस अंगावर आलेला असताना फवारू नये, कारण ते सारे ओढ्यातच जाते. ओढ्याकाठची काही हात पट्टी न फवारता सोडावी.

आणखी एक. बाटलीवर त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल. पण हे रंग माणसाला असलेल्या धोक्यावरून ठरवलेले आहेत. मासा आणि खेकडा यांच्यासाठी तो हिशेब लागू नाही. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माणसाला त्या मानाने कमी जहाल असतात, पण मासे, झिंगे आणि खेकडे यांना ती थोडीशीही सोसत नाहीत. तेव्हा लाल त्रिकोण नाही म्हणून ओढ्यात धुतले तरी चालेल, असे कोणी समजू नये.

मासे मारण्यासाठी ओढ्यात विष टाकणे हे तर पाप आहेच, पण गुन्हाही आहे, आणि आजचा नव्हे. 1897 च्या मत्स्य कायद्यातच सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारण्याला बंदी घातलेली आहे. आपले वाडवडील गेळाची फळे, रामेठ्याचा पाला टाकून मासे गुंगवीत हे खरे. पण तेव्हा माणसे थोडी होती, आणि तो पाला म्हणजे आजच्या बाटलीतले औषध किंवा ब्लीचिंग पावडर नव्हे. वलगणीचे मासे खावेत, खेकडे पकडावेत, त्याला कोणाची ना नाही. पोटाशी पिल्ले असलेली खेकडी मात्र परत सोडून द्यावी. एवढे केले तरी पुढच्या वर्षीची बेगमी होते.

ओढ्याच्या दोन्ही काठांची झाडे आम्ही तोडायची बंद केली. सरपणाला बांधावरची फांदी घेतो, काठाचे जांभूळ नाही. वणवा ओढ्याकडे सरकू नये म्हणून माघ-फाल्गुनात जाळरेषा काढतो. याचा फायदा पाखरालाच झाला असे नाही. पूर्वी दर पावसाळ्यात काठ ढासळून खाचराचा बांध फुटायचा, तो फुटायचा थांबला. झाडाच्या मुळ्यांनी माती धरून ठेवली.

दुसऱ्या वर्षी डोहात बारके खेकडे दिसू लागले. शीळ आली नाही. तिसऱ्या वर्षी, मृगाच्या पाचव्या की सहाव्या दिवशी, पहाटे मी गोठ्यात होतो. आधी वाटले की वरच्या वाडीतला कोणी पोरगा गुरे घेऊन लवकर निघाला. मग तो सूर वर गेला, अडखळला, वाट विसरला आणि भलतीकडेच निघाला. मी हातातली पाटी खाली ठेवली. घरात गेलो तर आई आधीच उठून दारात उभी होती. तिने बोट तोंडावर ठेवले आणि ओढ्याकडे दाखवले. आम्ही दोघे तसेच उभे राहिलो. चहा उतू गेला, त्याची कोणी पर्वा केली नाही.

आता आई नाही. माझी नात पावसाळ्यात सुट्टी मिळाली की येते. तिने मोबाईलवर शीळवाल्याचा आवाज धरून ठेवला आहे. मी तिला एवढेच सांगितले आहे की तो आवाज घरात ऐक, ओढ्यावर नेऊन त्याला ऐकवू नको. पावसात त्याचा संसार चालू असतो. दुसरा कोणी आपल्या हद्दीत घुसला असे त्याला वाटते, तो घरटे सोडून भांडायला येतो आणि अंडी उघडी पडतात. पोरीला ते पटले. पोरांना कारण सांगितले की पटते.

तर मंडळी, हा आपला शेजारी. आपल्याच डोंगरात राहणारा, आपल्याच पावसात गाणारा. त्याला आपण काही द्यायचे नाही. दाणा नको, पिंजरा नको. ओढा आहे तसा राहू द्यावा, एवढेच त्याचे मागणे. आणि खरे पाहिले तर ते आपलेच मागणे आहे. पाणी त्याचे आणि आपले एकच.

या मृगात एक दिवस पहाटे थोडे लवकर उठा. घरातली लहान मुले उठवा, अंगावर घोंगडे घ्या आणि ओट्यावर गप्प बसा. शीळ ऐकू आली तर मुलांना सांगा, आपला ओढा जिवंत आहे. आणि पूर्वी येत असे पण आता येत नाही, असे असेल तर दिवस उजाडल्यावर ओढ्यात उतरा आणि एखादा दगड उलटून पाहा. खाली काही वळवळले नाही, तर काय बिघडले त्याचा शोध तिथूनच सुरू करा. तुमच्या गावचा शीळवाला बोलतो की नाही, आणि तुमच्याकडे त्याला काय म्हणतात, ते पत्राने जरूर कळवा.